सुटणारा साकव

"बरा हाय, सायेब. पन ह्यो सुटतो कुटनं?"

धाकूनानांनी माझ्या नकाशावरून बोट फिरवलं, पण कागदाला लावलं नाही. बोटाला शेतातला चिखल होता आणि कागद पांढराशुभ्र होता.

"सुटतो म्हणजे? नाना, पूल आहे हा. सिमेंटचा. पन्नास वर्षं जागचा हलणार नाही!"

"हलनार नाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग पुन्हा एकदा नकाशाकडे बघितलं, मान हलवली आणि विडी शिलगावली. मला वाटलं, म्हातारा गार पडला. माझी छाती अशी काही फुगली की शर्टाचं बटण तुटायचं तेवढं बाकी होतं.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या जुलैतली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं. नाव प्रल्हाद जगदाळे, गाव कऱ्हाडजवळ, नोकरी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात, आणि नेमणूक कुठे, तर राजापूरच्याही आत, डोंगराच्या कुशीत. तिथे मांडवकरवाडी नावाची तेरा घरांची वाडी होती. वाडीला जायला एक पऱ्या, म्हणजे डोंगरातून येणारा ओढा, ओलांडावा लागे. उन्हाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. पावसाळ्यात मात्र डोंगरावर सर आली की तासाभरात तो दोन पुरुष चढायचा आणि तासा-दोन तासांत उतरायचा. या पऱ्यावर छोटा पूल मंजूर झाला होता. त्याचं डिझाइन करायचं काम माझ्याकडे. पुराची पातळी मोजायची म्हणून मी आठ दिवस वाडीतच मुक्कामाला होतो, धाकू मांडवकरांच्या पडवीत.

नाना साठीच्या पुढचे. काटकुळे, दात दोन-चार शिल्लक, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण वाडीचा साकव बांधायचा तो त्यांनीच. साकव म्हणजे ओंडक्यांचा तात्पुरता पूल. चार लांब ओंडके शेजारी शेजारी, त्यावर बांबूंची आडवी वीण, धरायला एका बाजूला वेळूची काठी. दर मे महिन्यात नाना तो बांधत आणि पावसाळाभर शाळा, दवाखाना, रेशन, सगळं त्याच्यावरून चाले. तो गेला की वाडी चार महिने जगापासून तुटली. भर पावसात नवीन ओंडके कोण तोडणार आणि कोण ओढत आणणार?

मी पहिल्या दिवशी साकवावरून आलो तेव्हा तो नीट बघितला. इंजिनिअरच ना मी! पलीकडच्या, म्हणजे रस्त्याच्या बाजूचं टोक एका जुन्या जांभळीला मनगटाएवढ्या काथ्याच्या दोराने पक्कं बांधलेलं होतं. वाडीकडचं टोक मात्र दगडातल्या एका खाचेत नुसतं ठेवलेलं. नुसतं! त्या टोकाला एक लांबलचक दोर अडकवलेला होता, पण त्याचं वेटोळं करून फणसाच्या बुंध्याशी टाकून दिलेलं. दोराचं दुसरं टोक फणसाला बांधलेलं, मधे हा एवढा सैल गुंता.

मी मनात म्हटलं, घ्या. म्हाताऱ्याने दोर आणला, गाठ मारली आणि आवळायचा कंटाळा केला. आमच्या घाटावरच्या माणसाला कोकणातल्या कारभाराबद्दल असं काहीबाही वाटतच असतं. खरं सांगायचं तर मला आतून बरंच वाटलं. काहीतरी चूक सापडली की शिकलेल्या माणसाला बरं वाटतं.

चौथ्या दिवशी दुपारी वाडी लावणीच्या तयारीत होती. साकवाच्या वाडीकडच्या टोकाशीच, पऱ्याच्या काठाला, वाडीतली एकुलती एक सपाट जागा होती. तिथे तेराही घरांचा तरवा होता, म्हणजे भाताची रोपं. आठ दिवसांत ती उपटून वरच्या खाचरांत लावायची होती. काकू, म्हणजे नानांची बायको, मला सकाळीच कौतुकाने म्हणाल्या होत्या, "बगा ओ सायबानू, कसा पोपटी दिसतंय! आमचा वरसाचा भात हाय ह्यो. बियानं आता कुनाकडं मूठभर पन ऱ्हायला नाय."

सगळे वर खाचरांत होते. मी पाणी मोजायची पट्टी खडकाला बसवायला खाली आलो. पट्टीसाठी आणलेली आठ गेजची जाड तार उरली होती, हातात पक्कड होती. आणि समोर तो सैल दोर. मला राहवेना. मी साकवाचं वाडीकडचं टोक तारेने फणसाला बांधलं. एक पदर नाही, तीन पदर! पक्कडीने पीळ दिला, तो दगडांखाली नीट दडवला, आणि हात झटकून उभा राहिलो. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, पूर आला की बघतील आणि विचारतील, तेव्हा सांगू.

पूर यायला फार वाट बघावी लागली नाही. चारच्या सुमारास डोंगर दिसेनासा झाला आणि पऱ्याचा आवाज बदलला. खाचरांतली माणसं काठावर जमली. मीही पडवीतून धावत खाली आलो, वही घेऊन, पातळी लिहायला. पाणी तांबडं, फेसाळ, बघता बघता साकवाच्या ओंडक्यांना लागलं.

नाना काठावर उकिडवे बसले होते. शांत. भात शिजायची वाट बघत बसावं, तसे.

पाणी ओंडक्यांवरून जायला लागलं. नाना उठून उभे राहिले.

"सुटला नाय," ते म्हणाले.

वरून एक बांबूचं अख्खं बेट मुळांसकट वाहत आलं आणि साकवाला आडवं अडकलं. त्याला फांद्या, पालापाचोळा, एक मेलेलं झाड. पाच मिनिटांत पऱ्यात बांध घालावा तसं झालं. पाणी पुढे जाईना. ते मागे फुगलं आणि बाजूला वळलं. आमच्या बाजूला. तरव्याकडे.

"आरं सुटला कसा नाय?" नाना ओरडले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला.

आणि मी, मी मूर्ख, मोठ्या अभिमानाने म्हणालो, "नाही सुटणार, नाना! मी बांधलाय!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता शाबासकी येणार. शिवराम म्हणून नानांचा पुतण्या होता, पहिलवानी गडी. तो दोन ढांगांत माझ्यापाशी आला आणि त्याने माझी कॉलर धरली.

"तुला कुनी सांगितला व्हता रं बांदायला? कुनी?"

"सोड त्याला," नाना म्हणाले. मग माझ्या डोळ्यांत बघत, अगदी हळू आवाजात विचारलं, "कशान बांदलास?"

चार दिवसांत पहिल्यांदाच ते मला 'तुमी' सोडून एकेरी बोलले. मग मला जाग आली. मी पाण्याकडे बघितलं. ओंडक्यांच्या वरच्या अंगाला पाणी हातभर उंच होतं, खालच्या अंगाला सखल. माझ्या तीन पदरांनी तो सगळा डोंगराचा लोंढा धरून ठेवला होता. तरव्याच्या पहिल्या वाफ्यात पाणी शिरलं. पोपटी शेंडे एकदा हलले आणि दिसेनासे झाले. काकूंनी तोंडावर पदर घेतला.

"तारेने," मी म्हणालो. "तीन पदर."

"कोयतीन तुटंल?"

"नाही. पक्कड पाहिजे. वर पिशवीत आहे."

"धाव मंग!"

मी धावलो. घसरलो, गुडघे फुटले, पक्कड घेऊन परत आलो. तेवढ्यात दुसरा वाफा गेला होता. नाना धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरायच्या बेतात होते. त्यांनी पक्कडीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही.

"पीळ कुठे आहे ते मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "दगडाखाली दडवलाय मी. तुम्हाला सापडायचा नाही."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि एक दोर माझ्या कमरेला बांधला. दुसरं टोक स्वतःच्या हातात घेतलं. मागे शिवराम, त्याच्या मागे अजून दोघं.

"झाडाला बांधा ना," मी म्हणालो. "झाड पक्कं आहे."

"झाडाला नाय बांदायचा," नाना म्हणाले. "पानी तुला खाली वढायला लागला तर मी दोर सैल सोडीन. झाड सोडत नाय. जा. वरच्या अंगाला ऱ्हव. काय झाला तरी खालच्या अंगाला जाव नको."

मी उतरलो. पाणी इतकं जोरात होतं की पाय टेकतच नव्हते. फणसाच्या मुळाला एका हाताने धरून मी दुसऱ्या हाताने चाचपत पीळ शोधला. इतका सुरेख पीळ दिला होता मी! दुपारी त्याचा अभिमान वाटत होता, आता त्यात पक्कडीचं तोंडच शिरेना. पहिला पदर तुटायला किती वेळ लागला सांगता येत नाही. तरव्याकडून काकूंचा आवाज येत होता, "तिसरा गेला ओ! तिसरा गेला!" मी रडत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसरा पदर तुटला. तिसऱ्याला मी पक्कड लावली मात्र, तो आपणहून तटकन तुटला आणि तारेचं टोक माझ्या कानाला चाटून गेलं.

साकवाचं टोक खाचेतून उचललं गेलं. बांबूचं बेट, झाड, पालापाचोळा, सगळं धाडकन पुढे गेलं. त्या धक्क्याने मी पाण्याखाली गेलो. कमरेचा दोर एकदम सैल झाला, मी खाली गडगडलो, डोकं वर आलं, आणि मग दोर ताठ झाला. चौघांनी मला ओढून चिखलात आणलं. नाकातोंडातून पाणी येत होतं, पण मी मान वळवून बघितलंच.

साकव वाहून गेला नव्हता. जांभळीच्या दोरावर तो सावकाश फिरला, दार उघडावं तसा, आणि पलीकडच्या काठाला जाऊन लांबच्या लांब पडून राहिला. तिथे पऱ्याचं वळण होतं आणि वळणाच्या आत पाणी संथ होतं. भर पुरात तेवढ्या एका जागी पाणी संथ होतं! आणि फणसाच्या बुंध्याशी टाकलेलं ते वेटोळं, ज्याला मी आळस म्हणालो होतो, ते भराभर उलगडत गेलं आणि साकवाचं टोक पलीकडे टेकलं तेव्हाच संपलं.

इकडे पाणी डोळ्यांदेखत उतरलं. तरव्याचे बारापैकी तीन वाफे गेले, नऊ राहिले. काकू त्या चिखलात बसून रोपं हाताने सरळ करायला लागल्या. नऊ वाफ्यांत तेराही घरांचं कसंबसं भागलं असतं. माझा जीव भांड्यात पडला, पण मान वर करायची हिंमत होईना.

शिवराम पुन्हा माझ्याकडे वळला. "शिकलेला म्हनं! आमच्या पोरांच्या तोंडचा भात..."

"माजी चूक हाय," नाना मधेच म्हणाले.

"तुझी? आन ती कशी?"

"सायेब पयल्या दिवशी आला तवाच सांगायला पायजेल व्हता, दोर सैल का ठेवलाय ता. मी नाय सांगितला. आपल्याला म्हायत हाय म्हंजे सगळ्यांना म्हायत असंल, असा वाटला मला." आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चल. कापडं बदल. कान बग, रगत येतंय."

संध्याकाळी काकूंनी पेज पुढे ठेवली. मी नानांना विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोन शिकवनार? माजा बापूस दोनी टोकं बांदायचा. घट. दरसाल साकव जायचा. एका साली दोनदा गेला." ते विडी ओढत आठवून आठवून सांगत होते. "मंग एकदा बगितला, पुरात दोन म्हशी सापडल्या. एक व्हती दोनी अंगान बांदलेली, ती मेली. दुसरी एका दाव्याची, ती पान्याबरूबर फिरली, काठाला लागली आन उबी ऱ्हायली. म्हटला, साकवाला पन एकच दावा लावून बगू."

"आणि जमलं?"

"कुटला! पयल्या साली दोर तुटला. दुसऱ्या साली दोर या फनसाला बांदला, तर साकव फिरून हितल्या खडकावर फुटला. मंग चार पावसाळे नुसता बसून बगितला, पूर आला की पानी गप कुटं ऱ्हातंय. ती जांबळीखालची जागा गावली. मंग खाच. खोल केली तर टोक उचलत नाय, उथळ केली तर मानूस चालताना घसरतो. आकरा वरसं लागली बग."

अकरा वर्षं! मी माझा नकाशा अडीच दिवसांत काढला होता, आणि त्यातला अर्धा दिवस अक्षर सुंदर काढण्यात गेला होता.

सकाळी पाणी गुडघ्यावर आलं. वाडीतल्या आठ जणांनी तो लांब दोर ओढला. मीही धरला. साकव तरंगत, फिरत, निमूट परत आला आणि टोक खाचेत जाऊन बसलं. अर्धा तास लागला. शाळेची पोरं दप्तरं घेऊन उभीच होती, ती लगेच पलीकडे गेली. मी मोकळा दोर हातांनी मोजला, साकव पलीकडे टेकतो ते अंतर नानांना विचारलं, आणि वजाबाकी केली.

"नाना, एक हात जास्त आहे."

"भिजला की दोर आखडतो ना."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि खरं सांगतो, मी पडलो. ते चिडले. "ह्यो काय येडेपना," म्हणाले आणि निघून गेले. पण मला अजूनही वाटतं की आयुष्यात पडलो त्यांपैकी ते पाय सगळ्यांत योग्य होते.

त्या रात्री मी माझा नकाशा उघडला. कमी उंचीचा पूल, पुरात पाण्याखाली जाणारा, आणि दोन्ही बाजूंना तीन फूट उंच भक्कम सिमेंटचा कठडा. मी त्या कठड्यावर बोट ठेवलं आणि मला बांबूचं बेट दिसलं, मेलेलं झाड दिसलं, फुगलेलं पाणी दिसलं. नानांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हा सुटतो कुठनं. मी हसलो होतो. मी तो कागद तिथेच फाडला.

नवा नकाशा करायला सात महिने लागले. सिमेंटच्या कठड्याऐवजी लोखंडी पाइपांचे तुकडे तुकडे, प्रत्येक तुकडा पायाशी बिजागरीवर उभा. माणूस टेकला, म्हैस अंगावर आली, तरी उभाच राहणार. पुराचा लोंढा आला की त्याला धरणारी अडकण सुटून प्रवाहाच्या दिशेने आडवा पडणार, आणि साखळीने पुलालाच धरून राहणार. पाणी उतरलं की एका माणसाने उचलून उभा करायचा. अडकण किती जोराला सुटावी, यासाठी मी चार वेळा राजापूरच्या लोहाराकडे गेलो. पूर्वीचा मी एका आकड्यात हिशेब संपवला असता.

नकाशाच्या कोपऱ्यात चौकट असते. रचना कोणाची, रेखाटन कोणाचं, तपासणी कोणाची. 'रचना' समोर मी लिहिलं: धा. सो. मांडवकर.

आमचे उपअभियंता घैसास साहेब चांगले होते, पण नियमाला पक्के. त्यांनी नकाशा बराच वेळ बघितला. "छान आहे रे. हे कठड्याचं फारच छान," म्हणाले. मग चष्मा खाली ओढला. "हे मांडवकर कोण? कुठल्या ऑफिसला असतात?"

"ते फील्डवर असतात, साहेब."

"डिग्री?"

मी सगळं सांगितलं. तारेसकट. ते हसले नाहीत. लाल पेन उघडलं, हळूच ते नाव खोडलं आणि वर माझं नाव लिहिलं. "मला कळतंय, जगदाळे," ते म्हणाले, "पण उद्या पूल पडला तर मी कुणाला धरू?" त्यांचंही बरोबर होतं. त्या नकाशावर आजही माझंच नाव आहे. त्या कठड्याबद्दल मला खात्याचं प्रशस्तिपत्रक मिळालं आणि पुढे तसे कठडे मी आणखी नऊ पुलांना लावले. ती शाबासकी माझी नव्हती, हे मी या कागदावर लिहून ठेवतोय. निवृत्त माणसाला आता लाल पेनाचं भय नाही.

पूल शहाऐंशीच्या मेमध्ये झाला. जुलैत मी मुद्दाम रजा काढून वाडीत गेलो. नाना थकले होते, काठी आली होती, एका डोळ्याने दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगर दिसेनासा झाला आणि पऱ्याचा आवाज बदलला. आम्ही दोघं काठावर जाऊन बसलो. तरवा तिथेच, तसाच पोपटी होता. शिवराम मागे उभा होता, हाताची घडी घालून.

पाणी पुलावर चढलं. पाइप उभेच. वरून एक ओंडका आला, त्याच्यामागे फांद्या. पाइप तरीही उभेच. मी तरव्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग नानांकडे. ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते, एका डोळ्याने बघत.

मग पहिला पाइप आडवा झाला. त्याच्या शेजारचा झाला. एकामागून एक, पलीकडच्या काठापर्यंत सगळे खाली पडले, आणि तो ओंडका पुलावरून घसरत पुढे निघून गेला. पाणी त्याच्या मागोमाग गेलं. तरव्याची एक काडी हलली नाही.

"सुटला," नाना म्हणाले.

मग काठी टेकत उठले, आणि सायेबाला चहा ठेव म्हणून काकूंना सांगायला वर घराकडे गेले.